जास्वंदीवरचा ‘हमिंगबर्ड’

प्रश्न : मुलगी न्यू जर्सीत राहते. तिच्या अंगणात टांगलेल्या साखरपाण्याच्या भांड्यावर हमिंगबर्ड येतात. त्यांना हे नाव का पडलं? आणि आमच्या जास्वंदीवर येणारा चिमुकला काळा-निळा पक्षी त्यांच्यातलाच का? – एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, जास्वंदीवरचा तो शिंजीर. हमिंगबर्डच्या साडेतीनशेच्या आसपास जाती आहेत, पण दोन्ही अमेरिका आणि भोवतालची बेटं सोडली तर कुठेच नाहीत. तरी ‘आमच्या बागेत हमिंगबर्ड आला’ म्हणून मला फोटो येतच असतात. निघतो शिंजीर, नाहीतर तिन्हीसांजेला फुलापुढे भिरभिरणारा हॉकमॉथ पतंग. आता जास्वंदीपाशी जरा थांबून बघा. शिंजीर सहसा देठाला, फांदीला धरून बसतो, वेळेला उलटा लटकतो आणि फुलाच्या बुडाशी चोच खुपसून मध पळवतो. हमिंगबर्ड मात्र हवेतच उभा राहून पितो.

नाव पडलं ते त्या उभं राहण्यातूनच. इंग्रजीत ‘हम’ म्हणजे गुणगुणणं, पण ही गुणगुण गळ्यातली नाही, पंखांची. मुलीकडे येतो तो रुबी-थ्रोटेड. नराचा गळा माणकासारखा लाल. वजन जेमतेम तीन ग्रॅम, आणि पंख सेकंदाला पन्नासेक वेळा हलतात. बहुतेक पक्ष्यांना पंख खाली मारतानाच उचल मिळते. हा पंख उलटा वळवून वर नेतानाही ती मिळवतो. प्रत्येक फेरीत हवेला असे दोन धक्के बसतात. स्टॅनफर्ड आणि नेदरलँड्समधल्या आइंडहोवनच्या संशोधकांनी दोन हजारांहून जास्त मायक्रोफोन लावून हा आवाज मोजला आणि त्याचं मूळ या धक्क्यांत असल्याचं 2021 मध्ये दाखवून दिलं.

इंग्रजांनी कान लावला, स्पॅनिश लोकांनी चोच पाहिली. त्यांचा ‘पिकाफ्लोर’ म्हणजे थेट आपला फुलटोच्या! (आपला फुलटोच्या हा पक्षी वेगळा, बरं का.) पोर्तुगीज ‘बेजा-फ्लोर’ म्हणतात, फुलाचा मुका घेणारा. मला विचाराल तर हेच नाव सरस. शास्त्रीय नावाची मात्र गंमतच आहे. सजीवांना शास्त्रीय नावं देण्याची पद्धत रुजवणाऱ्या लिनियसने 1758 मध्ये हमिंगबर्डना ‘ट्रोकिलस’ हे नाव दिलं. प्राचीन ग्रीक इतिहासकार हिरोडोटसच्या लेखनात ते नाईलकाठच्या, मगरीच्या तोंडातल्या जळवा टिपणाऱ्या पाखराचं आहे. त्याचा हमिंगबर्डशी काडीचा संबंध नाही! तरी जमैकाचा राष्ट्रीय पक्षी असलेला हमिंगबर्ड आजही ते वागवतो आणि सगळं कुळ ‘ट्रोकिलिडी’ म्हणवतं.

मुलीला एवढं कळवा : एक वाटी साध्या साखरेला चार वाट्या पाणी. लाल रंग घालायचा नाही, भांडं लाल असलं की पुरे. उन्हाळ्यात दर दोन दिवसांनी भांडं धुऊन पाणी बदलायचं. शरद ऋतूत भांडं राहू दिलं तर पाखरं दक्षिणेला जायची थांबतील, अशी भीती तिकडे बरेच जण घालतात. ती खोटी आहे, भांडं खुशाल राहू द्यावं.