खुर्च्या रिकाम्या का होतात?

वाचक विचारतात : मंचावरचं वाजवणं-गाणं

प्रश्न : आमचा सात जणांचा ऑर्केस्ट्रा आहे. दोन गायक, कीबोर्ड, गिटार, बेस, ऑक्टोपॅड (इलेक्ट्रॉनिक तालवाद्य) आणि ढोलकी. गणेशोत्सवात सोसायट्यांमधे दोन तासांचे कार्यक्रम करतो. गाणी सगळी गाजलेलीच घेतो, तरी तासाभरात मागच्या रांगा उठतात. चुकतं कुठे? (डोंबिवली)

उत्तर : बहुतेक वेळा गाण्यात नाही, दोन गाण्यांच्या मधे. पुढच्या कार्यक्रमाला कुणाला तरी घड्याळ घेऊन बसवा. चोवीस गाणी आणि दर दोन गाण्यांच्या मधे पाऊण मिनिट, म्हणजे सतरा मिनिटं मंचावर काहीच घडत नाही. कीबोर्डवाला टोन शोधतोय, गिटारवाला तारा जुळवतोय, गायक फायलीची पानं उलटतोय. तेवढ्यात समोरच्याचा मोबाइल बाहेर येतो, आणि पुढच्या गाण्याची सुरुवात त्याच्यासाठी वाया जाते.

उपाय तालमीतच करायचा. गाणी सुटी बसवू नका, तीन-तीनची माळ करा. शक्यतो एकाच पट्टीतली (म्हणजे ‘सा’ एकाच उंचीवर असलेली), जवळपासच्या लयीची. पहिलं गाणं संपलं तरी ऑक्टोपॅडने ठेका सोडायचा नाही. ठेक्याची चार आवर्तनं (पूर्ण फेऱ्या) गेली की त्यावरच दुसऱ्याचं म्युझिक उचलायचं. ठेका बदलणार असेल तर जपून. बरीच कोळीगीतं सहा मात्रांच्या चालीत असतात; तिथून थेट आठ मात्रांच्या केरव्यात उडी मारली की नाचणाऱ्यांचे पाय अडखळतात आणि दोन-चार जण खुर्चीकडे वळतातच. मधे नुसत्या ढोलकीचा तुकडा, तिहाई (तीनदा वाजवलेला एकच बोल) आणि ठसठशीत सम (आवर्तनाची पहिली मात्रा) द्या. नवी चाल कानात बसू द्या, मग बाकीच्यांनी यायचं.

कीबोर्डचे टोन गाण्यांच्या क्रमाने मेमरीत भरून आणा. गिटारला पेडल ट्यूनर लावा. त्यात आवाज बंद ठेवून निवेदन चालू असताना तारा जुळवता येतात. यादी प्रत्येकाच्या पायाशी मोठ्या अक्षरात चिकटवा, गाण्यापुढे पट्टी लिहून.

क्रमाबद्दल एवढंच : नाचाची गाणी सलग बारा-पंधरा मिनिटांपेक्षा जास्त नकोत, लोक दमतात. त्यानंतर एखादं संथ, सगळ्यांना तोंडपाठ असलेलं गाणं घ्या.

आणि सत्कार! रंगलेल्या कार्यक्रमात वीस मिनिटं शाल-श्रीफळ चाललं, तर त्यानंतर कुठलाही वादक काही करू शकत नाही. सत्कार गणेशवंदनेच्या आधी उरकायचे, हे सुपारी घेतानाच मंडळाकडून कबूल करून घ्या.

प्रश्न : गायिका माइक पब्लिककडे करते, पण कुणी गातच नाही. टाळ्याही लयीत पडत नाहीत. (सांगली)

उत्तर : आधी पट्टी बघा. तयार गायिकेला पेटीवरची काळी चार किंवा पाच ही पट्टी सोयीची असली, तरी समोरच्या काकांना त्यात वरचा सूर लागत नाही, आणि खाली गायला लाज वाटते. लोकांकडून गाऊन घ्यायचं गाणं एक-दोन स्वर खाली उतरवून बसवा. दुसरं, माइक लगेच फिरवू नका. धृवपद दोनदा पूर्ण गा. तिसऱ्यांदा ओळीतला शेवटचा शब्द सोडा, चौथ्यांदा अर्धी ओळ. त्या वेळी कीबोर्ड-गिटार थांबवून फक्त ठेका आणि बेस ठेवा. लोकांना स्वतःचा आवाज ऐकू आला की ते मोठ्याने गातात. पुढची ओळ सुरू व्हायच्या आधी गायिकेने त्या ओळीचे पहिले दोन शब्द भरभर बोलून दिले पाहिजेत.

टाळ्यांचं कारण वेगळं आहे. आवाज सेकंदाला साधारण 340 मीटर जातो. 34 मीटरवरच्या माणसाला ठेका सेकंदाच्या दहाव्या भागाने उशिरा पोचतो आणि त्याची टाळी मंचावर यायला तेवढाच वेळ आणखी लागतो. मिनिटाला 120 मात्रांच्या लयीत हा फरक जवळजवळ अर्ध्या मात्रेचा होतो. ढोलकीवाला त्या टाळ्यांच्या मागे गेला की लय उतरत जाते. त्याने मॉनिटरच (मंचावर वादकांसाठी ठेवलेला स्पीकर) ऐकायचा. गायिकेने हात डोक्यावर नेऊन टाळी दाखवली की मागचेही डोळ्यांनी लय पकडतात.

प्रश्न : निवेदक चांगला आहे, तरी लोक त्याचं ऐकत नाहीत. (पनवेल)

उत्तर : त्याच्या माइकवर गाण्यासाठी लावलेला एको (आवाज घुमवणारा परिणाम) तसाच चालू आहे का ते बघा. शब्दावर शब्द चढतात, तिसऱ्या रांगेपलीकडे नुसता घुमारा पोचतो. बोलताना एको पूर्ण बंद. माइकची जाळी मुठीत धरू नका. त्याने मागचा आवाजही आत येतो आणि शिटी वाजते. निवेदन वीस-तीस सेकंदांचं, खाली कीबोर्डचा हलका सूर. ‘सगळे मजेत आहात ना? आवाज येत नाही!’ हे एका कार्यक्रमात एकदाच खपतं.

प्रश्न : फर्माइशीच्या चिठ्ठ्या घ्याव्यात का? (रत्नागिरी)

उत्तर : घ्या, पण मंचावर थेट नको. खाली एक माणूस ठेवा. बसवलेल्या गाण्यांचीच चिठ्ठी त्याने वर पाठवायची. न बसवलेलं गाणं दोन ओळींत अडकलं की चिठ्ठी देणाराही नाराज आणि बाकीचेही. रात्री 10 नंतर ध्वनिक्षेपक बंद ठेवावा लागतो. सणाच्या ठरावीक दिवशीच 12 पर्यंत सूट मिळते. तुमचा दिवस त्यात आहे का, हे मंडळाला आधी विचारा. नसेल तर साडेनऊला चिठ्ठ्या बंद करून शेवटची माळ सुरू करा, नाहीतर सगळ्यात हुकमी गाणी यादीतच राहतात.