दारू सुटली, पण झोपही गेली!

प्रश्न : माझे मिस्टर व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आले त्याला आता दोन महिने होतील. दारूला हात लावलेला नाही, औषधं वेळेवर घेतात, पण रात्री झोपच नाही हो. दोन-अडीचपर्यंत नुसती तळमळ, जरा डोळा लागला की घामाघूम होऊन उठतात आणि मग हॉलमध्ये येरझाऱ्या. परवा चिडून म्हणाले, पीत होतो तेव्हा निदान झोपत तरी होतो. माझ्या पोटात गोळाच आला. ओळखीतल्या एकांनी त्यांची झोपेची गोळी देऊ केलीय, अर्धी दिली तर चालेल का? आणि हे असं किती दिवस चालणार?

उत्तर : ताई, ती गोळी देऊ नका, अर्धीसुद्धा नको. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम असल्या गोळ्या मेंदूत बऱ्याच अंशी दारूच्याच वाटेने काम करतात, त्यामुळे ज्याला दारूचं व्यसन होतं त्याला त्यांची सवय लागायला वेळ लागत नाही, आणि चुकून कधी त्यावर दारू प्यायली गेली तर श्वास मंदावून जिवावर बेतू शकतं. केंद्रात पहिले काही दिवस अशीच गोळी दिली असेल, पण ती विथड्रॉवलसाठी, म्हणजे दारू थांबवल्यावर शरीराला होणाऱ्या त्रासासाठी, डॉक्टरांच्या नजरेखाली, डोस कमी करत करत बंद करायची असते. ती वेगळी गोष्ट.

आता ते जे म्हणाले ना, त्यांना ते खरंच तसं वाटतंय, पण ती झोप नव्हती. दारूने माणूस पटकन आडवा होतो, पहिले दोन-तीन तास गाढ गेल्यासारखे वाटतात, पण दारू उतरायला लागली की उत्तररात्री झोपेचे तुकडे होतात आणि स्वप्नांची जी झोप असते ती दबून जाते. वर्षानुवर्षं हे चाललं की मेंदूही सावरायला बघतो, दारू रोज त्याला सुस्त करते म्हणून तो स्वतःला जास्त जागं ठेवायला शिकतो. रस्सीखेच समजा, एका बाजूने दारू ओढतेय, दुसऱ्या बाजूने मेंदू पूर्ण ताकद लावून उभा, दारूने दोर सोडला तरी मेंदूचा जोर त्या दिवशीच कमी होत नाही. पहिला आठवडा सगळ्यात वाईट असतो, नंतर हळूहळू सुधारतं, बऱ्याच जणांना काही महिने लागतात आणि गाढ झोप पूर्ववत व्हायला काहींना वर्षाच्या वरही जातं. म्हणजे दोन महिन्यांत झोप बसलेली नसणं यात बिघडलेलं काही नाही, त्यांची इच्छाशक्ती कमी पडतेय असं तर मुळीच नाही.

पण म्हणून सोसत बसू नका, कारण झोप न लागणं हे पुन्हा पिण्याकडे नेणारं एक मोठं कारण आहे. पुढच्या व्हिजिटला "बाकी ठीक आहे" म्हणून उठू नका, झोपेबद्दलच बोला. जोरात घोरतात का, मध्येच श्वास अडकतो का, पाय सारखे वळवळतात का, दिवसभर उदास असतात का, हे सगळं सांगा, कारण यातल्या प्रत्येकाचा इलाज वेगळा आहे. चालू औषधांची वेळही विचारा, दारू सुटावी म्हणून देतात त्या औषधांपैकी नाल्ट्रेक्सोनने काहींची झोप उडते, डायसल्फिरामने काहींना सुस्ती येते, कधी कधी नुसती वेळ बदलून फरक पडतो, फक्त मनाने काही बदलू नका.

घरात करण्यासारखी पहिली गोष्ट चहा आणि सिगारेट. दारू सुटली की या दोन्ही वाढतात, घरचेही म्हणतात पिऊ दे चहा, दारू तर नाही ना! पण कॅफिन निम्मं उतरायलाच पाच-सहा तास लागतात, संध्याकाळी सातचा कप मध्यरात्रीही अंगात असतो, आणि रात्री जाग आल्यावर ओढलेली सिगारेट उरलीसुरली झोपही घालवते. दुपारनंतर चहा-कॉफी बंद. दुसरं म्हणजे रात्र कशीही जावो, सकाळी उठायची वेळ एकच, दुपारची डुलकी नको, लवकर अंथरुणात शिरणं नको. वीसेक मिनिटं झोप लागली नाही (घड्याळ बघायचं नाही, अंदाजाने) तर उठून दुसऱ्या खोलीत मंद उजेडात बसायचं, मोबाईल न घेता, आणि पेंग आली की परत यायचं. रिचर्ड बूटझिन या मानसशास्त्रज्ञाने 1972 साली मांडलेली ही पद्धत आजही निद्रानाशाच्या थेरपीचा कणा आहे. सुरुवातीचे काही दिवस उलट जास्त थकवा जाणवेल, तिथेच लोक सोडून देतात, तेव्हा ते आधीच सांगून ठेवा.

आणि ताई, तुम्ही पहाऱ्याला जागू नका हो. रोज सकाळी "झोप लागली का" हेही विचारू नका, त्या प्रश्नाचं टेन्शन रात्रीपासूनच येतं.

प्रश्न : मला दारू सोडून पाच महिने झाले. स्वप्नात मी पितो, तोंडात चवसुद्धा येते, उठल्यावर वाटतं सगळं गेलं. बायकोला सांगायची हिंमत होत नाही.

उत्तर : काहीही गेलेलं नाही दादा. दबलेली स्वप्नांची झोप उसळून वर आलीय, म्हणून स्वप्नं इतकी खरी वाटतात, आणि पिण्याची स्वप्नं तर सोडणाऱ्या कितीतरी जणांना पडतात. स्लिप, म्हणजे सोडल्यावर पुन्हा पिणं, ही जागेपणी होते. बायकोला सांगा, दारू सोडणाऱ्यांच्या ग्रुपमध्ये सांगा, अर्ध्याहून जास्त माना हलतील बघा. मात्र उठल्यावर ओढ दिवसभर टिकली तर त्याच दिवशी काउन्सेलरला फोन करा.

प्रश्न : भाऊ रोज भरपूर पितो. झोप उडेल म्हणून केंद्रात जायला घाबरतो, घरीच एकदम बंद करतो म्हणतोय.

उत्तर : एकदम नको. रोज भरपूर पिणाऱ्याने अचानक थांबवलं तर काही तासांतच थरथर, घाम सुरू होतो, पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, दोन ते चार दिवसांत भ्रम होणं, नसलेलं दिसणं, ताप, असं झालं तर तो जिवाचा धोका आहे, लगेच हॉस्पिटल गाठा. आधीच डॉक्टरांना भेटा आणि रोज किती पितो, शेवटची कधी घेतली, पूर्वी कधी फिट आली होती का, हे न लपवता सांगा, त्यावरूनच ते घरी उपचार करायचे की ॲडमिट करायचं हे ठरवतील.