अर्क घातला आणि पेशी 120 टक्के जिवंत?

प्रश्न : बीएस्सी बायोटेक्नॉलॉजीच्या दुसऱ्या वर्षानंतरच्या सुट्टीत दोन महिने एका प्रयोगशाळेत काम करते आहे. वनस्पतीच्या अर्काचा कर्करोगाच्या पेशींवर होणारा परिणाम एमटीटी या रंगचाचणीने तपासते. एकाच डोसच्या तीन वेलांत (प्लेटमधल्या खळग्यांत) आकडे फार वेगळे येतात आणि सर्वांत जास्त डोसला 120 टक्के पेशी जिवंत दिसतात. दोनच आठवडे उरलेत. काय करू? पुढे संशोधनातच जायचं आहे.
— एक वाचक, सातारा

उत्तर : आधी 120 टक्क्यांचं पाहू, खरी फसगत तिथेच होते. एमटीटी पेशी मोजत नाही. जिवंत पेशी पिवळ्या एमटीटीचं जांभळं फॉर्मझान करतात; ते किती झालं, एवढंच कळतं. अर्कातली पॉलिफेनॉल्स ही वनस्पतिजन्य रसायनं तेच काम पेशींविनाही करू शकतात. म्हणून प्रत्येक डोससाठी अर्क, मीडिया (पेशी वाढवायचं पोषक द्रव) आणि एमटीटी असलेले, पण पेशी नसलेले तीन वेल ठेवा. तेही जांभळे झाले तर कारण सापडलं. मग एमटीटी घालण्याआधी अर्काचा मीडिया काढा, पीबीएस या क्षारांच्या द्रावणाने अलगद धुवा आणि ताजा मीडिया द्या. धुताना सुटलेल्या पेशी वाहून जातात, म्हणून दोन-तीन डोसना ट्रिपॅन ब्लूने (मेलेल्या पेशी निळ्या करणाऱ्या रंगाने) मोजणीही करा.

तीन वेलांतला फरक बहुधा पेशी पेरतानाच पडतो. नळीत पेशी तळाशी बसत जातात; दर ओळीआधी नळी हलक्या हाताने उलटसुलट करा. 96 वेलांच्या प्लेटमध्ये कडेच्या 36 वेलांतून पाणी उडतं, त्यांत फक्त पीबीएस भरा आणि आतले 60 वापरा. वेलमागे 100 मायक्रोलिटरमध्ये 5,000 पेशी धरल्या तर पेशी मिसळलेला मीडिया 6 मिली लागेल. 7 मिली करा, म्हणजे साडेतीन लाख पेशी. 5 मिग्रॅ/मिलीचं एमटीटी वेलमागे 10 मायक्रोलिटर, 37 अंशांवर 3 ते 4 तास. नंतर मीडिया काढताना पिपेटची टीप तळाला लावू नका, फॉर्मझानचे स्फटिक ओढले जातात आणि आकडा खाली येतो. 100 मायक्रोलिटर डीएमएसओ या द्रावकात ते पूर्ण विरघळल्यावरच रंगाची तीव्रता 570 नॅनोमीटरला वाचा. अर्क डीएमएसओत केला असेल तर कंट्रोललाही (अर्क न घातलेल्या पेशींनाही) तेवढंच डीएमएसओ हवं.

एका प्लेटचे तीन वेल म्हणजे तीन प्रयोग नव्हेत, ही चूक फार होते. सोमवारी पेशी, मंगळवारी अर्क, 48 तासांनी गुरुवारी रीडिंग, असे वेगवेगळ्या दिवशी पेरलेले तीन प्रयोग दोन आठवड्यांत नक्की बसतात. नवे डोस आता घेऊ नका.

पुढचं. एमएस्सीसाठी जॅम (आयआयटींची) आणि गॅट-बी (बायोटेक्नॉलॉजीची) या दोन्ही प्रवेशपरीक्षांचे अर्ज तिसऱ्या वर्षातच भरता येतात. पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेची एकात्मिक पीएचडीही पाहा. तुमच्या विद्यापीठात चौथं संशोधन वर्ष असेल तर पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के लागतात. यूजीसीच्या 2022 च्या नियमांनुसार चार वर्षांच्या पदवीला 75 टक्के असतील तर एमएस्सीविना पीएचडीला अर्ज करता येतो. पुढच्या उन्हाळ्यासाठी देशातल्या तिन्ही विज्ञान अकादम्यांची दोन महिन्यांची फेलोशिप आहे. तिची जाहिरात बऱ्याच महिन्यांआधी येते.

शिफारसपत्राचं मार्गदर्शकांशी निघण्याआधीच बोला. सोबत एक पान द्या : काय केलं, काय चुकलं, ते कसं शोधलं. पेशींविना जांभळा झालेला तो वेल त्या पानावर जरूर असू द्या.