मशीन बसवलं की धाप थांबेल ना?

हृदयाच्या स्नायूचा आनुवंशिक आजार निघालेल्या घरांतून हा प्रश्न मला हमखास येतो. हृदयरोग विभागात समुपदेशक म्हणून बसते, त्यामुळे डॉक्टरांनी सांगितलेले तीन-चार पर्याय डोक्यात कालवून माणसं माझ्यासमोर येतात. यादवांची गोष्ट त्यातलीच. नावगाव बदललं आहे.

यादव ३९ वर्षांचे, कराडकडचे, स्वतःचा टेम्पो चालवणारे. दोन जिने चढले की धाप लागायची, जेवून लगेच चाललं तर जास्तच. धाकटा भाऊ २७ व्या वर्षी व्हॉलीबॉल खेळताना कोसळला होता. तेव्हा ‘अ‍ॅटॅक’ म्हणून सगळे गप्प बसले. यादवांचा इको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी, झाला आणि नाव कळलं: हायपरट्रॉफिक कार्डिओमायोपॅथी, हृदयाचा स्नायू जाड होण्याचा आजार. दोन कप्प्यांमधला पडदा २२ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ दुप्पट जाड.

यादवांच्या पत्नीचा, म्हणजे वहिनींचा, पहिलाच सवाल होता, “अँजिओग्राफीत ब्लॉक नाही म्हणाले, मग अडथळा कसला?” अडथळा रक्तवाहिनीत नव्हता. पावसाळ्यात चौकट फुगली की दार अडकतं, तसं हृदयातून रक्त बाहेर पडण्याच्या वाटेवरच जाड झालेला पडदा आला होता. तेवढं पटलं आणि त्यांनी पर्समधून सॉर्बिट्रेटची पट्टी काढून दाखवली. छातीत दुखलं की जिभेखाली द्यायची, असं शेजाऱ्यांनी शिकवलेलं. अडथळ्याच्या या आजारात तीच गोळी घातक ठरू शकते. रक्तवाहिन्या सैल पडतात, दाब उतरतो, अडथळा वाढतो आणि माणूस चक्कर येऊन पडू शकतो. निर्जळी उपवासही म्हणूनच नको. पट्टी त्यांनी माझ्याच टेबलावर ठेवली.

मग कोऱ्या कागदावर मधोमध रेघ मारली. डावीकडे ‘रोजची धाप’, उजवीकडे ‘अचानकचा धोका’. हे दोन प्रश्न वेगळे आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे. माझ्या मते या आजारातला निम्मा गोंधळ ते एकत्र केल्यानं होतो. आयसीडी, म्हणजे ठोके जीवघेणे बिघडले तर शॉक देणारं यंत्र, उजवीकडे येतं. त्यानं पडदा पातळ होत नाही, धाप कमी होत नाही. डावीकडे येतात गोळ्या आणि पडद्यावरचे उपाय.

ठोके मंदावणारी मेटोप्रोलॉलची गोळी पुरेशी चढवूनही यादवांचा अडथळा, म्हणजे अडथळ्याच्या आत-बाहेरच्या रक्तदाबातला फरक, ७० च्या आसपास होता. त्रास होत असेल आणि आकडा ५० किंवा वर असेल, तर पुढचं बोलणं सुरू होतं. एक वाट छाती उघडून पडद्याचा जाड भाग कापून काढण्याची. दुसरी, तारेसारख्या नळीतून पडद्याच्या छोट्या रक्तवाहिनीत अल्कोहोल सोडून तेवढा स्नायू निकामी करण्याची. त्यात छातीवर चिरा नसतो, पण साधारण दहातल्या एकाला पुढे पेसमेकर लागतो आणि रक्तवाहिनीची ठेवण सोयीची असावी लागते. भाच्यानं मोबाईलवर मावाकॅम्टेन या औषधाची बातमी आणली होती. २०२२ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेलं औषध, बातमी खरीच होती. पण ते हृदयाचा जोर कमी करून काम करतं, म्हणून ठरावीक काळानं इको चुकवून चालत नाही, आणि खर्चही मोठा. यादव म्हणाले, “दर वेळी टेम्पो उभा करून येणं व्हायचं नाही.” त्यांच्या झडपेची ठेवणही वेगळी होती, त्यामुळे सर्जननी ऑपरेशनकडे कल दिला. अशी ऑपरेशनं नेहमी करणाऱ्या ठिकाणीच ते करावं, एवढं मी आग्रहानं सांगते.

उजवी बाजू मात्र अडली. भावाचा मृत्यू मोठी खूण, पण होल्टर, म्हणजे दिवसभराचा ईसीजी, स्वच्छ, एमआरआयमध्ये व्रण नगण्य, चक्कर कधी नाही. डॉक्टर म्हणाले, यंत्र बसवणं योग्य ठरेल, सक्ती नाही. यंत्र बसवलं तर धंद्याची गाडी चालवू नये असा सल्ला असतो. विनाकारण शॉक बसू शकतो, काही वर्षांनी बॅटरीसाठी पुन्हा छोटं ऑपरेशन. वहिनींना रात्री झोप नव्हती, यादवांना हप्त्यांची चिंता. दोघंही बरोबर होते, म्हणून मी घाई केली नाही.

ऑपरेशन झालं, धाप गेली. नंतरच्या भेटीत यादव स्वतःच म्हणाले, “मॅडम, मशीन नाही बसवलं म्हणून स्टिअरिंगवर मला काही होणार नाही असं थोडंच आहे? रस्त्यावरच्या माणसांचं काय?” गाडी सोडायला लावणारा आजार होता, यंत्र नव्हे. हे मी सांगितलं असतं तर त्यांनी ऐकलं नसतं. त्यांनी यंत्र बसवलं, टेम्पो भाच्याकडे दिला आणि आता ट्रान्सपोर्टच्या गोडाऊनचा हिशेब बघतात.

वहिनींच्या सासूबाई, म्हणजे यादवांच्या आई, विचारत राहिल्या, “आमच्याच घरावर का?” साधारण पाचशे माणसांत एकाला हा आजार असतो, फक्त सगळ्यांना ठाऊक नसतो. घराण्याचा तक्ता काढताना त्यांना आठवलं, थोरले दीर बांधावर बसल्या जागी गेले होते. दोष कुणाचाच नाही. पण आई किंवा वडील बाधित असले, तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी. यादवांच्या दोन्ही मुलांचे इको सध्या नीट आहेत, तरी वाढत्या वयात ते एक-दोन वर्षांनी पुन्हा करायचे.

बेळगावची बहीण जनुक चाचणीला तयार नाही, मुलीचं लग्न ठरायचंय म्हणते. मी जोर केला नाही. ईसीजी आणि इको तिनं करून घेतले, आणि तूर्त तेवढं पुरतं. यादवांच्या चाचणीत दोषी जनुक सापडलंच, तर बहिणीला फक्त तेवढंच तपासता येईल, आणि ते नसेल तर तिचे पुढचे सगळे इको वाचतील. हे तिला लिहून दिलंय.