वाचकांचे प्रश्न: मोबाइलच्या नेटवर लॅपटॉप

प्रश्न: माझा रोज २ जीबीचा पॅक आहे. नुसत्या मोबाइलवर तो दिवसभर पुरतो. पण हॉटस्पॉटवर लॅपटॉप जोडला की तासाभरात डेटा संपल्याचा मेसेज येतो. मी फक्त मेल बघतो आणि एखादा फॉर्म भरतो. मग डेटा जातो कुठे? (एक वाचक, राजापूर)

उत्तर: मेलवर संशय घेऊ नका, तो विंडोजवर घ्या. हॉटस्पॉट लॅपटॉपला साधं वाय-फायच दिसतं. त्यामुळे घरात ब्रॉडबँड आल्यासारखं समजून तो तुंबलेली सगळी कामं उरकायला घेतो: विंडोजचे अपडेट, स्टोअरमधल्या अ‍ॅपचे अपडेट, वनड्राइव्हवर (मायक्रोसॉफ्टच्या ऑनलाइन साठ्यावर) फोटो चढवणं. खात्री करायची असेल तर सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, अ‍ॅडव्हान्स्ड नेटवर्क सेटिंग्ज, डेटा युसेज इथे जा. कोणत्या अ‍ॅपने किती डेटा खाल्ला ते तिथे दिसतं.

उपाय विंडोजमध्येच आहे. विंडोज ११ असेल तर हॉटस्पॉटला जोडलेले असताना सेटिंग्ज, नेटवर्क अँड इंटरनेट, वाय-फाय, आणि मग तुमच्या हॉटस्पॉटच्या नावाची प्रॉपर्टीज उघडा. तिथलं ‘मीटर्ड कनेक्शन’ (म्हणजे डेटा मोजून वापरायचं नेट) ऑन करा. बहुतेक अपडेट थांबतात, वनड्राइव्हही थांबतं. मात्र ही खूण त्या एका नेटवर्कपुरतीच असते. हॉटस्पॉटचं नाव बदललंत किंवा फोनचं नेट यूएसबी केबलने घेतलंत, तर विंडोजच्या लेखी ते नवं नेटवर्क. केबलचं नेट ‘इथरनेट’खाली दिसतं, तिथे मीटर्ड वेगळं ऑन करावं लागतं. इथेच बरेच जण फसतात.

ब्राउझरला मात्र मीटर्डचा धाक नसतो. यूट्यूब ‘ऑटो’वर असेल तर लॅपटॉपच्या मोठ्या पडद्यासाठी तो मोबाइलपेक्षा वरची क्वालिटी निवडू शकतो; हाताने ४८०पीवर आणा. रोजचा कोटा संपल्यावर अनेक पॅकमध्ये वेग ६४ केबीपीएसवर येतो, म्हणजे सेकंदाला जेमतेम ८ केबी. १ एमबीचा फोटो जोडायला दोन मिनिटांहून जास्त लागतात. फॉर्म भरायचा असेल तर तो आधी भरा, व्हिडिओ नंतर.

प्रश्न: ऑनलाइन मीटिंग चालू असताना फोन आला की लॅपटॉपचं नेट जातं. दोन सिम आहेत, रेंज चांगली आहे.

उत्तर: कॉल कोणत्या सिमवर येतो ते आधी बघा. नेट एका सिमवर आणि कॉल दुसऱ्यावर असेल, तर बहुतेक फोन बोलणं संपेपर्यंत पहिल्या सिमचा डेटा थांबवतात. सिमच्या सेटिंगमध्ये ‘कॉल चालू असताना दुसऱ्या सिमचा डेटा वापरा’ अशा अर्थाचा पर्याय असतो (कंपनीगणिक नाव बदलतं). तो ऑन केल्यास नेट तात्पुरतं कॉलच्या सिमवरून चालतं. अर्थात त्या सिमवरही डेटा पॅक हवा. नसेल तर मीटिंगपुरतं दुसरं सिम सेटिंगमधून बंद ठेवा. आणि कॉल डेटाच्याच सिमवर येत असेल, तर ‘व्होल्टे’ (४जीवरूनच कॉल चालवायची सोय) बंद आहे का ते तपासा. ते बंद असलं की कॉल घेताना फोन ४जी सोडून २जी किंवा ३जीवर उतरतो.

लांबलचक मीटिंगला आम्ही यूएसबी केबलच सुचवू. फोन चार्ज होत राहतो आणि शेजाऱ्यांच्या वाय-फायचा अडथळा येत नाही. केबल जोडा, मग हॉटस्पॉटच्या पानावरचं ‘यूएसबी टेदरिंग’ ऑन करा. हा पर्याय पुसट दिसत असेल तर केबल बदलून बघा; स्वस्तातल्या काही केबलमध्ये डेटाच्या तारा नसतात, त्या फक्त चार्जिंगच्या असतात. आयफोन असेल तर विंडोजवर आधी आयट्यून्स किंवा ‘अ‍ॅपल डिव्हायसेस’ अ‍ॅप टाकावं लागतं. रेंज फक्त खिडकीतच येत असेल तर केबलचा हट्ट सोडा: फोन खिडकीत, लॅपटॉप टेबलावर, मध्ये वाय-फाय.

प्रश्न: जुन्या लॅपटॉपला नव्या फोनचा हॉटस्पॉट दिसतच नाही.

उत्तर: फोनचं वाय-फाय ५ गिगाहर्ट्झच्या बँडवर (लहरींच्या पट्ट्यावर) असणार आणि लॅपटॉपला फक्त २.४ कळत असणार. हॉटस्पॉटच्या सेटिंगमध्ये बँड २.४ करा. आयफोन १२ आणि त्यापुढच्या फोनवर ‘मॅक्सिमाइझ कम्पॅटिबिलिटी’ ऑन करा. वेग थोडा उतरेल. ब्लूटूथही २.४वरच चालतं, त्यामुळे ब्लूटूथ हेडफोन अडखळू लागला तर वायरचा लावा.