खेड्यात राहून वेब डिझाईन आणि कोडिंग करता करता एथिकल हॅकिंग शिकता येतं का, की क्लास लावावाच लागतो?

तुम्ही लिहिलं की बारावी झाली, घरी वावर आहे, वर्षभरापासून एचटीएमएल-सीएसएस करून पाहता, थोडं पीएचपी पण जमतं, आणि आता एथिकल हॅकिंग, म्हणजे मालकाच्या परवानगीनं साईटमधली भोकं शोधणं, शिकायचं तर हे वेबसाईटचं सोडून नागपूरला ४० हजाराचा क्लास लावावा का. तर भाऊ, क्लास आत्ता लावू नका आणि वेबसाईटचं तर मुळीच सोडू नका. तुम्ही ज्या दोन गोष्टी वेगळ्या समजून राहिले त्या एकाच कामाच्या दोन बाजू आहेत, मला हे कळायला दीड वर्ष लागलं म्हणून जरा सविस्तर सांगतो.

मी वरूड तालुक्यातला, शेंदुरजनाघाटच्या जवळचा. इकडे संत्र्याच्या पन्हेरीचा, म्हणजे रोपवाटिकेचा, धंदा जुना, माझ्या मामाजींची पण आहे, जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधून कलमा तयार करतात आणि पावसाळ्याच्या तोंडावर लांबलांबचे शेतकरी गाड्या घेऊन येतात. त्यांच्यासाठी मी बुकिंगची वेबसाईट केली, जुना ४ जीबी रॅमचा लॅपटॉप, त्यावर झॅम्प (साईट आपल्याच लॅपटॉपवर चालवायचं फुकट सॉफ्टवेअर) टाकून पीएचपी आणि मायएसक्यूएल हा डेटाबेस. तेव्हा मला फक्त डिझाईनचं वेड होतं, केशरी रंग कोणता चांगला दिसतो यातच दोन रात्री गेल्या.

एक दिवस बुकिंगचं बटन मोबाईलवर खाली सरकत होतं म्हणून ब्राउझरमध्ये एफ १२ दाबून सीएसएस पाहत होतो, तर तिथेच हिडन फील्डमध्ये, म्हणजे पानावर न दिसणाऱ्या रकान्यात, कलमेचा भाव दिसला, ४०. सहज खोडून १ केला आणि बटन दाबलं. बुकिंग झालं! ५०० कलमा, एकूण ५०० रुपये. मामाजी बाजूलाच बसले होते, ते म्हणे, "हे काय करून रायला रे, असं कोणीबी करू शकते का?" कोणीबी करू शकत होतं, तेही कोणतं सॉफ्टवेअर न घेता. त्या दिवशी मला पहिल्यांदा कळलं की ब्राउझरमध्ये जे काही आहे ते समोरच्याच्या हातात आहे. आता ब्राउझरकडून फक्त कोणती कलम आणि किती नग एवढंच येतं, भाव सर्व्हर, म्हणजे साईट जिथून चालते ते मशीन, स्वतः डेटाबेसमधून घेतो, आणि नगाचा आकडा उणे तर नाही ना हे पण तिथेच तपासतो.

दुसरं भोक तर एका शेतकऱ्यानं दाखवलं, त्यांना माहीत पण नाही. त्यांनी सूचनेच्या रकान्यात लिहिलं, १८' बाय १८' वर लागवड करायची आहे. फुटाची खूण म्हणून जो ' टाकला ना, त्यानं पान फुटलं आणि स्क्रीनवर मायएसक्यूएलचा एरर आला, त्यात माझ्या टेबलचं नाव पण होतं. झालं असं की मी क्वेरी (डेटाबेसला द्यायचा हुकूम) लिहिताना लोकांचा मजकूर सरळ वाक्यात जोडून देत होतो, तर त्या खुणेपाशी डेटाबेसला वाटलं मजकूर संपला आणि पुढचं सगळं हुकूम आहे. यालाच एसक्यूएल इंजेक्शन म्हणतात. शेतकऱ्यानं भोळेपणानं टाकलं म्हणून नुसता एरर आला, मुद्दाम टाकणारा त्या जागी आपला हुकूम लिहितो आणि अख्खं टेबल वाचून घेतो. उपाय म्हणजे प्रिपेअर्ड स्टेटमेंट, त्यात क्वेरी आधी जाते आणि माहिती वेगळी जाते, मग त्यात किती पण खुणा असो, ती माहितीच राहते. आणि एरर लोकांना दाखवायचा नाही, लॉग फाईलमध्ये लिहायचा. यूट्यूबवर इंजेक्शनचे दहा व्हिडिओ पाहून जे डोक्यात बसलं नव्हतं ते या १८ फुटांनी बसवलं.

पण मला सगळ्यात जास्त लागली ती पावतीची गोष्ट. बुकिंग झालं की पावतीचं पान उघडायचं आणि वर ब्राउझरमधल्या साईटच्या पत्त्यात आयडी ११२ असा आकडा. ११२ चं ११३ केलं की दुसऱ्याची पावती, त्याचं नाव, गाव, मोबाईल नंबर, किती पैसे दिले ते. लोकांनी मामाजींच्या तोंडाकडे पाहून नंबर दिले होते आणि मी ते रस्त्यावर मांडून ठेवले होते. मी साईट त्याच रात्री बंद केली, दुरुस्त करून मगच चालू केली. ओवॅस्प नावाची संस्था वेबसाईटच्या मोठ्या धोक्यांची यादी काढते, तिच्या २०२१ च्या यादीत पहिल्या नंबरवर हाच प्रकार आहे, ब्रोकन ॲक्सेस कंट्रोल. लॉगिन लावलं म्हणजे झालं असं नाही, लॉगिन केलेला माणूस ही पावती पाहण्याचा हक्कदार आहे का हे प्रत्येक पानावर तपासावं लागते.

आणि डिझाईनचा हॅकिंगशी काय संबंध असं वाटत असेल तर २००५ सालची मायस्पेसची, म्हणजे तेव्हाच्या एका मोठ्या सोशल साईटची, घटना वाचा. तिथे लोकांना आपलं प्रोफाईल सीएसएसनं सजवू देत होते. सॅमी कामकार हा १९ वर्षांचा पोरगा, त्यानं पाहिलं की साईट जावास्क्रिप्ट (ब्राउझरमध्ये चालणाऱ्या कोडची भाषा) हा शब्द गाळते, पण तोच शब्द दोन ओळीत तोडून लिहिला तर गाळत नाही आणि काही ब्राउझर तो तसाच चालवतात. त्यानं सजावटीच्या जागेत कोड घातला, जो त्याचं प्रोफाईल पाहील त्याच्या प्रोफाईलवर तो कोड आपोआप चिकटे, आणि २० तासांच्या आत १० लाखांच्या वर प्रोफाईलना त्याची लागण झाली. त्याला पोलिसात, कोर्टात जावं लागलं, ३ वर्षं प्रोबेशन, म्हणजे कोर्टाच्या देखरेखीखाली राहणं. तुमच्या साईटवर अभिप्रायाचा रकाना असेल तर आजच त्यात स्क्रिप्टचा टॅग टाकून पहा, तो कोड म्हणून चालला तर तुमच्याकडे पण हेच भोक आहे.

तुमच्या साईटवर म्हणतो आहे मी, दुसऱ्याच्या नाही. माझ्या एका मित्रानं एका कॉलेजच्या साईटवर असाच आकडा बदलून दुसऱ्यांच्या मार्कशीट पाहिल्या आणि ग्रुपवर टाकल्या, त्याला वाटलं शाबासकी भेटेल. माफीनामा लिहून द्यावा लागला, वडील वावरातलं काम सोडून तीनदा गेले. आयटी कायदा २००० च्या कलम ४३ आणि ६६ मध्ये, मालकाच्या परवानगीशिवाय वाईट हेतूनं दुसऱ्याच्या सिस्टीममध्ये शिरलं तर ३ वर्षांपर्यंत कैद किंवा ५ लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही आहे, आणि हेतू चांगला होता हे नंतर सांगत फिरावं लागते. कुठे चुकून काही दिसलंच तर पुढे उकरू नका, कोणाला दाखवू नका, साईटवाल्याला किंवा सर्ट-इनला कळवा, ही आपल्या सरकारचीच संस्था आहे. साईट तुमची असली तरी होस्टिंगचा सर्व्हर तुमचा नसतो, तिथे स्कॅनर (भोकं आपोआप शोधणारं सॉफ्टवेअर) चालवू नका, लॅपटॉपवर साईटची कॉपी ठेवा, खोटी नावं-नंबर भरा आणि ती फोडा.

सराव फुकट आहे. पोर्टस्विगरची वेब सिक्युरिटी अकॅडमी ब्राउझरमध्ये चालते, तिथे मुद्दाम भोकं ठेवलेल्या लॅब आहेत. ओव्हरदवायरचं बॅंडिट लिनक्सच्या कमांडसाठी, त्याला डेटा जवळपास लागतच नाही, आमच्याकडे रेंजचा एकच कांडा असतो तेव्हा पण चालते. त्याच साईटवरचं नाटास वेबसाठी. डीव्हीडब्ल्यूए, ही सरावासाठी मुद्दाम कच्ची ठेवलेली वेबसाईट, तर झॅम्पवरच बसते, एकदा डाऊनलोड केलं की नेट नसलं तरी रात्रभर बसा. काली लिनक्ससाठी (हॅकिंगची साधनं आधीच भरलेलं लिनक्स) घाई करू नका, ३-४ जीबीची फाईल आणि ४ जीबी रॅमवर ते व्हर्च्युअलबॉक्समध्ये (लॅपटॉपच्या आत दुसरा कॉम्प्युटर चालवायचं सॉफ्टवेअर) रडतच चालते, पहिले सहा महिने साधं लिनक्स, ब्राउझर आणि बर्पची (ब्राउझर आणि साईटमधली ये-जा अडवून पाहायचं साधन) फुकटची कम्युनिटी आवृत्ती खूप झाली. त्या ४० हजारातले थोडे घालून लॅपटॉपची रॅम वाढवा आणि एसएसडी टाका.

इंग्रजीचं भेव वाटते असं पण तुम्ही लिहिलं. लॅबमधलं इंग्रजी छोटं असते, तेच तीस-चाळीस शब्द परत परत येतात. मी प्रत्येक भोकासाठी वहीत मराठीत लिहीत गेलो, काय फुटलं, काहून फुटलं, कोणती ओळ बदलली. तुमच्याजवळ आता जी साईट आहे तिच्या कोडमध्ये जिथे जिथे समोरच्यानं भरलेली माहिती आत येते त्या ओळी लाल पेनानं मांडा, आणि काय सापडलं ते कमेंटमध्ये लिहा, कोडचा तेवढा तुकडा टाकला तर मी पाहून सांगतो, पासवर्ड मात्र त्यातून काढून टाका.