छोटं कॉलेज निवडताना आधी माणसं मोज

अनेक आशीर्वाद.

बारावीनंतर जवळच्या छोट्या विनाअनुदानित कॉलेजात जावं का, हा तुझा प्रश्न. त्याला सरसकट हो किंवा नाही म्हणता येत नाही, पण कुठे बघायचं ते नक्की सांगता येतं. इमारत, माहितीपत्रक आणि फाटकावरचा फ्लेक्स शेवटी बघ. आधी शिकवणारी माणसं मोज.

मोठ्या कॉलेजात रसायनशास्त्राचे सात-आठ प्राध्यापक असतात. एक सोडून गेला तर बाकीचे त्याचे तास वाटून घेतात. छोट्या कॉलेजात अख्खा विभाग दोघांचा असतो. त्यातला एक दिवाळीच्या सुमारास गेला की अर्धा विभाग गेला, आणि परीक्षेआधी दुसरा माणूस मिळेलच असं नाही. म्हणून पहिल्या वर्षाला कोण शिकवतं यापेक्षा तिसऱ्या वर्षाला कोण शिकवतं ते विचार. किती वर्षं इथे आहेत, नेट, सेट (प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षा) किंवा पीएच.डी. आहे का, नेमणूक पूर्णवेळ आहे की तासिका तत्त्वावर (सीएचबी), हेही विचार. मग सूचनाफलकावरचं वेळापत्रक वाच. वेबसाइटवर सात नावं आणि वेळापत्रकात तिघांचीच आद्याक्षरं असतील, तर शिकवणारे तिघंच आहेत असं धर.

सीएचबीवरचे शिक्षक कमी शिकवतात असं मुळीच नाही, कित्येकदा तेच जीव ओतून शिकवतात. अडचण व्यवस्थेची आहे. मानधन तासाप्रमाणे, नेमणूक बहुतेकदा वर्ग सुरू झाल्यावर, त्यामुळे घर चालवायला त्यांना दोन-दोन कॉलेजं गाठावी लागतात. तास संपला की पुढची बस. शंका विचारायला तू जाशील तेव्हा खुर्ची रिकामी. छोट्या कॉलेजचा सगळ्यात मोठा फायदा म्हणजे शिक्षक तुला नावानं ओळखतात आणि पंचवीस जणांच्या वर्गात कुणाला लपता येत नाही. पण शिक्षक आवारात थांबत असतील तरच तो फायदा तुझ्या पदरात पडतो.

हीच गोष्ट विषयांच्या निवडीत येते. नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदवीला मेजर (मुख्य विषय), मायनर (जोडविषय), ओपन इलेक्टिव्ह (दुसऱ्या शाखेतला ऐच्छिक विषय) अशी रचना आहे. वर्षाला किमान ४० श्रेयांक (क्रेडिट), तीन वर्षांच्या पदवीला किमान १२०, चार वर्षांच्या ऑनर्सला १६०. माहितीपत्रकात मायनरची लांबलचक यादी असते, पण शिकवायला माणूस नसेल किंवा चारच मुलांनी मागणी केली तर तो विषय उघडत नाही. मग मानसशास्त्र हवं असलेल्याला जे चालू आहे ते घ्यावं लागतं. ‘कोणते मायनर आहेत?’ असं विचारू नकोस. ‘सध्या दुसऱ्या वर्षाला कोणते मायनर चालू आहेत आणि प्रत्येकात किती मुलं आहेत?’ असं विचार. चौथं वर्ष करायचा विचार असेल तर त्याला या कॉलेजात मान्यता आहे का, हे आत्ताच विचारून ठेव. नसेल तर तीन वर्षांनी कॉलेज बदलावं लागेल.

आता कागद. कॉलेज विद्यापीठाशी संलग्न असणं वेगळं आणि तुझा अभ्यासक्रम संलग्न असणं वेगळं. विद्यापीठाच्या वेबसाइटवरच्या संलग्न कॉलेजांच्या यादीत अभ्यासक्रमाचं नाव आणि प्रवेशक्षमता दोन्ही जुळवून बघ. मान्यता अर्धवट असेल तर वर्ग सुरू होतात, फी जमा होते, आणि गाडी अडते ती विद्यापीठात पात्रता व पीआरएन (कायम नोंदणी) क्रमांक मिळताना किंवा परीक्षेचा अर्ज भरताना. तोवर दुसरीकडचे प्रवेश बंद झालेले असतात. बीबीए, बीसीएच्या बाबतीत जास्तच जपून राहा. २०२४-२५ पासून हे अभ्यासक्रम एआयसीटीई या तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या कक्षेत आले आणि राज्यात त्यांना सीईटी ही प्रवेश परीक्षा लागू झाली. ‘सीईटीची गरज नाही, अभ्यासक्रम तोच आहे’ असं कुणी म्हणालं तर पदवीवर नेमकं कोणतं नाव छापून येणार, ते लेखी माग.

नॅक ही कॉलेजांचं मूल्यमापन करणारी संस्था. तिच्या श्रेणीवर फार भाळू नकोस, पण ती वाचायला शीक. चारपैकी गुणांची सरासरी ३.०१ ते ३.२५ असेल तर ‘ए’, २.५१ ते २.७५ असेल तर ‘बी प्लस’. श्रेणी साधारण पाच वर्षं चालते, म्हणून फलकावरच्या अक्षराशेजारची तारीख बघ. मुदत संपलेली श्रेणी मिरवणारी कॉलेजं असतात. श्रेणी नाही म्हणून कॉलेज वाईट असंही नाही. दोन तुकड्या पदवी घेऊन बाहेर पडेपर्यंत किंवा स्थापनेला सहा वर्षं होईपर्यंत नव्या कॉलेजला त्यासाठी अर्जच करता येत नव्हता. श्रेणीपेक्षा कॉलेजनं नॅकला दिलेला स्वयंमूल्यमापन अहवाल उपयोगाचा. तो वेबसाइटवर सापडतो. त्यात शिक्षकांची संख्या आणि त्यांचा अनुभव यांचे तक्ते असतात. ते आणि सूचनाफलकावरचं वेळापत्रक शेजारी ठेवून बघ.

कॉलेज बघायला सुट्टीच्या किंवा समारंभाच्या दिवशी जाऊ नकोस. कामाच्या दिवशी अकरा ते एकच्या दरम्यान जा. विज्ञानाला जाणार असशील तर प्रयोगशाळेत एका बॅचला किती मुलं आणि किती सूक्ष्मदर्शक, किती ब्युरेट, ते मोज. वीस मुलांत चार सूक्ष्मदर्शक असतील तर तू प्रयोग करणार नाहीस, दुसऱ्यानं केलेला बघशील. एखाद्या मुलाचं जर्नल चाळ आणि प्रयोगांच्या तारखा बघ. सगळ्या तारखा एकाच आठवड्यातल्या असतील तर ते परीक्षेआधी बसून उतरवलेलं आहे. ग्रंथालयात तुझ्या विषयाची दोन पुस्तकं काढून मागच्या पानावर परतीचा शेवटचा शिक्का कधीचा आहे ते बघ.

ऑफिसात मात्र जरा जास्त वेळ थांब. तिकडे कुणी लक्ष देत नाही, आणि मुलांचं वर्ष तिथेच वाया जातं. छोट्या कॉलेजात शिष्यवृत्ती, परीक्षा अर्ज, दाखले हे सगळं बहुधा एकाच लिपिकाकडे असतं. तो रजेवर गेला की महाडीबीटी या राज्याच्या शिष्यवृत्ती पोर्टलवरचे अर्ज कॉलेजच्या लॉगिनला पडून राहतात, मुदत संपते आणि पैसे मुलाला भरावे लागतात. ‘मागच्या वर्षीचे किती अर्ज कॉलेज स्तरावर अडकले?’ एवढं विचार.

फीबद्दल तोंडी आकडा घेऊ नकोस. शिकवणी, विकास, परीक्षा, प्रयोगशाळा, अनामत, गणवेश, बस असा बाबवार कागद घे आणि तीन वर्षांचा हिशेब मांड. व्यावसायिक अभ्यासक्रम असेल तर त्या कॉलेजची त्या वर्षाची मंजूर फी शुल्क नियामक प्राधिकरणाच्या वेबसाइटवर असते. तिच्याशी ताडून बघ. देणगीच्या नावाखाली पैसे मागणं १९८७ च्या कायद्यानं बेकायदा आहे, आणि पावती न देता घेतलेला रुपया परत मिळवणं कठीण. ‘सीट पक्की करतो, संस्थास्तरावर घे’, म्हणजे कॉलेज स्वतः भरतं त्या जागेवर घे, असं म्हणणाऱ्यापासून लांब राहा. जुलै २०२४ च्या शासन निर्णयानं आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या इतर मागास, सामाजिक व शैक्षणिक मागास आणि आर्थिक दुर्बल घटकांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क माफ केलं, पण ते कॅपमधून, म्हणजे केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, प्रवेश घेतला तरच. संस्थास्तरावरच्या जागेला ती सवलत नाही.

बारावीची गुणपत्रिका, जातीचा दाखला अशा मूळ प्रती तपासून लगेच परत द्यायच्या आणि फी चालू सत्राची किंवा वर्षाचीच आगाऊ घ्यायची, असं विद्यापीठ अनुदान आयोगानं ऑक्टोबर २०१८ मध्ये बजावलं आहे. त्याच अधिसूचनेनुसार प्रवेशाच्या अंतिम तारखेच्या १५ दिवस किंवा जास्त आधी प्रवेश सोडला तर पूर्ण फी परत (कपात जास्तीत जास्त ५ टक्के, तीही ५,००० रुपयांच्या आत), त्यानंतर अंतिम तारखेपर्यंत ९० टक्के, पुढच्या १५ दिवसांत ८० टक्के, ३० दिवसांपर्यंत ५० टक्के. नंतर काही नाही, फक्त अनामत मिळते. अर्ज देताना दुसऱ्या प्रतीवर पोच आणि तारखेचा शिक्का घे. तारखेवरूनच पैसे ठरतात.

नोकरीबद्दल अपेक्षा बेताची ठेव. तीस मुलांच्या तुकडीसाठी कंपनी सहसा दारात येत नाही, चार-पाच कॉलेजांचा एकत्र कॅम्पस होतो. ‘नव्वद टक्के प्लेसमेंट’ ऐकलंस तर ते किती मुलांपैकी आणि कोणत्या पगारावर, हे दोन्ही विचार.

शेवटी फाटकाबाहेरच्या टपरीवर तिसऱ्या वर्षाची दोन मुलं गाठ, कॉलेजनं पुढे केलेली नव्हेत. मागच्या सत्रात कोणत्या विषयाला शिक्षकच नव्हते, आणि हॉल तिकीट वेळेत मिळालं का, एवढंच विचार. ते सांगतील ते ऐकून मगच फी भर.